भिडूबाईंची राहिलेली बोली

तुझ्या मोठ्या आतेसासू, म्हणजे माझ्या वन्सं, घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी मी देवापुढे एक नवस बोलले होते. जोवर वन्सं स्वतःच्या पायांनी या घरात पाऊल टाकत नाहीत, तोवर कुणी काहीही मागितलं तरी नाही म्हणायचं नाही. हसतेस काय, सूनबाई? तुझे सासरेही असेच हसले होते. "बरं झालं, आता ऊठसूट चहा मागतो," म्हणाले. शेजारणीला कुठून सुगावा लागला कोण जाणे, ती माझं शिवणयंत्र उचलून घेऊन गेली आणि परत आणलं ते सुई मोडून. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. देवाकडे एवढं मोठं मागायचं आणि माणसांना देताना मात्र हात आखडायचा, हे मला पटत नव्हतं.

दिवा जरा जवळ ओढ. उद्या मी लेकीच्या बाळंतपणाला निघाले की मागे वन्संजवळ तूच. म्हणून आज सांगते. घाबरवायला नाही गं. सांगितल्याशिवाय मला जाता यायचं नाही.

ऑपरेशननंतर वन्संना टेकडीवरच्या आरोग्यभवनात ठेवलं होतं. दुखण्यातून उठणारी माणसं तिथे राहायची. मी रोज दुपारी गरम सुपाचा थर्मास आणि इस्त्रीचे गाऊन घेऊन जायची. लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास, आणि काठ्यांच्या रबरी बुडांचा दबका आवाज. व्हरांड्याच्या टोकाला बैठकीची खोली होती. तिथे खिडकीपाशी हिरव्या कापडाचं चौकोनी टेबल आणि चार खुर्च्या. वन्संचा खरा दवाखाना तोच. ब्रिजच्या पत्त्यांचा डाव मांडला की त्यांचा खुबाही दुखायचा नाही.

त्यांच्या समोरच्या खुर्चीवर भिडूबाई बसायच्या. वसतिगृहापासूनची मैत्रीण. वन्सं तिला नुसतं भिडू म्हणत, म्हणून सगळेच भिडूबाई म्हणायचे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी त्याही तिथेच येऊन राहिल्या होत्या. अंगाला सतत निलगिरीच्या तेलाचा वास, आवाज पुरुषी, खोल. आणि एक सवय होती. बोली बोलायच्या आधी तर्जनीचं नख टेबलावर दोनदा वाजवायच्या. टक्, टक्. वन्सं म्हणायच्या, "आलीस ना? मग दार कशाला वाजवतेस?"

टेबलाच्या उरलेल्या दोन बाजूंना एक जोडपं असायचं. ते काका रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, म्हणून इंजिनकाका. त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी झालं होतं आणि काकू सोबतीला आल्या होत्या. दोघांचं भांडण पत्त्यांपेक्षा जास्त रंगायचं. "यांना समोर लाल सिग्नल दिसला तरी हे एक्का टाकणार," असं काकू म्हणायच्या.

एका संध्याकाळी भिडूबाई त्याच खुर्चीत गेल्या. मी तेव्हा घरी होते. पुढचं मला तिथल्या सिस्टरने सांगितलं. भिडूबाईंनी नख वाजवलं आणि बोली केली, एक बिनहुकमी. वन्संनी पत्त्यांकडे बघत बराच विचार केला आणि म्हणाल्या, दोन बदाम. समोरून उत्तर येईना. वर बघितलं तर भिडूबाईंची मान कललेली, पण पत्ते तसेच छातीशी घट्ट धरलेले. ते सोडवायला दोन माणसं लागली म्हणे. काकूंनी न बघताच ते गड्डीत मिसळून टाकले.

त्या दिवसापासून वन्सं खंगायला लागल्या. दिवसभर बऱ्या असायच्या, पण उन्हं उतरली की श्वास वर वर यायचा. ओठ निळसर व्हायचे. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. "मनाला लागलंय," म्हणाले. पण मी बघत होते ना. श्वास लागला की वन्संचे दोन्ही तळवे पांघरुणावर उताणे पडायचे, बोटं फाकलेली. पत्ते मांडून ठेवावेत तसे. सिस्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, रोज थोडा थोडा जीव खाली चाललाय. घरच्यांना बोलावून घ्यायचं असेल तर..."

मी घरी येऊन देवापुढे बसले. आपला नवस आहे, देव ऐकेल, असं मनाला बजावलं. दुसऱ्या दिवशी गेले तर वन्सं उशीला टेकून बसलेल्या, समोर पत्ते पसरलेले.

"ये भोळे," म्हणाल्या. त्या मला भोळेच म्हणायच्या. "आज तुला शिकवते. सगळा खेळ नको, एवढंच शीक, भिडूने एक बिनहुकमी म्हटलं तर उत्तर काय द्यायचं."

"मला कुठे जमणार, वन्सं?"

"नाही म्हणायचं नाही ना तू?"

मग काय, बसले. त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि त्यांच्यातल्या गणिताच्या बाई जाग्या झाल्या. "बिनहुकमी म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही. भिडू हे बोलला, म्हणजे त्याने आपला हात सांगून टाकला. चारी रंग थोडे थोडे, आणि जोर पुष्कळ. आता ठरवायचं तू. तुझ्याकडे काहीच नसेल तर पास म्हण आणि गप्प बस. पण इस्पिकचे पत्ते पुष्कळ असतील, तर बोलायचं दोन बदाम."

"इस्पिक असताना बदाम?"

"ही उलटी बोली. आपल्याला हवा त्याच्या खालचा रंग बोलायचा. ते ऐकून भिडूने दोन इस्पिक म्हणायचंच. त्याला नाही म्हणायची सोय नाही. तुझ्या नवसासारखं."

"पण मग सरळ इस्पिकच का मागू नये?"

"कारण जो रंग आधी बोलतो, डाव तो खेळतो. दुसऱ्याने आपले सगळे पत्ते टेबलावर उताणे मांडायचे आणि मुकाट बसायचं. त्याला डमी म्हणतात. जोराचा हात झाकलेला राहावा आणि दुबळा उघडा पडावा, म्हणून ही युक्ती."

त्यांनी माझी परीक्षा घेतली. आता भिडू मी होते, एक बिनहुकमी बोललेली. त्या दोन बदाम म्हणाल्या. माझ्या हातात चांगले चार बदाम होते, मला आनंद झाला, मी म्हटलं, "पास."

"अगं पास काय! मी बदाम मागतेय का?" वन्सं एवढ्या हसल्या की खोकला आला. "अशाने माझी आब्रू घालवशील. मलाच डाव खेळायला लागेल ना, तोही भलत्याच रंगात, आणि तुझा राजासारखा हात जगापुढे उघडा!"

मी पुन्हा चुकले, त्यानंतर पुन्हा. प्रत्येक वेळी डोळे बदामांवर जायचे आणि तोंडातून पास निघायचं. वन्सं शेवटी कपाळाला हात लावून बसल्या.

खोकला थांबल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तिला माझं उत्तर ऐकू गेलं की नाही, हेच कळत नाही गं."

मी पत्ते गोळा करायला लागले.

"रोज संध्याकाळी नख वाजवते... माझ्या उशापाशी. टक् टक्. मी उत्तर देते, दोन बदाम. मग ती थांबते. तिला बोलताच येत नाही. तोंड नाही ना तिला." वन्संनी माझं मनगट धरलं. त्यांचे हात गार होते. "आज मला टेबलाशी ने. तिच्या जागी तू बस. तो एक डाव पुरा होऊ दे."

"वन्सं, अंगात ताकद आहे का तुमच्या?"

"मागतेय मी तुझ्याकडे, भोळे."

माझी जीभच बांधलेली होती. मी चाकांची खुर्ची आणली, शाल गुंडाळली, आणि त्यांना व्हरांड्यातून ढकलत नेलं. बाहेर धुकं टेकडी चढून वर आलं होतं. झाडं दिसेनाशी झाली होती.

इंजिनकाका आम्हाला बघून उठूनच उभे राहिले. "वा! आज मालगाडीला नवीन डबा जोडला वाटतं!"

"डबा म्हणता तिला? तुम्हीच खडखडणारा डबा," काकू म्हणाल्या. पण खुर्ची ओढून देताना त्यांनी माझ्याकडे एकदा, खुर्चीकडे एकदा बघितलं. इतके दिवस तिथे कुणी बसलं नव्हतं.

सुरुवातीचे डाव हसण्यातच गेले. मी पत्ते उलटे धरले, काकांनी मला गाठोडं म्हटलं, काकूंनी काकांना. वन्संच्या गालावर थोडा रंगही आला. मला वाटलं, देव पावला. मग पत्ते वाटायची पाळी माझी आली.

मी पिसले आणि वाटले. शेवटचा पत्ता पडला आणि खिडकीतला उजेड एकदम मंद झाला. धुकं काचेला येऊन टेकलं होतं. काकू दिवा लावायला उठल्या, पण बटण दाबूनही तो लागेना. "राहू दे, दिसतंय," काका म्हणाले. मी माझे पत्ते उचलले. सगळं फुटकळ होतं, दुऱ्या, तिऱ्या, एखादा गुलाम. ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. पत्ते ओलसर लागत होते. आणि तेवढ्यात वास आला.

निलगिरीचा.

समोर वन्संनी आपले पत्ते उघडून बघितले आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. "तेच..." त्या पुटपुटल्या. "तेच आलेत."

मी विचारणार होते, काय तेच? पण माझ्या उजव्या हाताचं बोट टेबलावर वाजलं. टक्. टक्. भांडी घासून घासून माझी नखं कधी वाढतच नाहीत, सूनबाई. बोटाच्या मांसाचा असा आवाज येत नाही. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले, माझ्यापेक्षा फार खोल आवाजात.

"एक बिनहुकमी."

काकांनी पत्ते डोळ्यांजवळ नेले. त्यांनी कसंबसं "पास" म्हटलं. काकूंच्या तोंडावर पदर होता.

वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या चेहऱ्याच्या जरा मागे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन... बदाम," त्या म्हणाल्या.

काकू, "पास."

आता बोली माझ्यावर होती. माझ्या घशात एक गार गोळा वर चढत होता, आणि तो काय आहे ते मला ठाऊक होतं. दोन इस्पिक. तेवढे दोनच शब्द. जीभ आपोआप टाळ्याला लागत होती. समोर वन्संचा श्वास वर वर जाऊ लागला. ओठ निळे पडायला लागले. आणि मी बघितलं, अजून डाव ठरलासुद्धा नव्हता, पण त्यांचा हात पत्ते उताणे मांडायला टेबलावर उतरत होता. हळूहळू. बोटं एकेक करून फाकत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन इस्पिक म्हटलं, तर माझ्या आत बसलेली ती डाव खेळणार. तिचा हात झाकलेला राहणार. वन्सं सगळं काही उघडं मांडून मुकाट होणार, आणि त्यांच्याकडचं एकेक पान ती उचलून नेणार, शेवटच्या पानापर्यंत.

"सांग ना..." वन्सं म्हणाल्या. "भिडू... सांग ना गं."

मागत होत्या त्या. आणि माझ्या कानाशी जो गार श्वास होता, तोही मागत होता. रागाने नाही बरं का. फार दिवस ताटकळलेलं माणूस मागतं तसं. मला तिचीही कीव आली. नवस आठवला. नाही म्हणायचं नाही. मी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायला गेले, तर तेही घशाखाली अडकलं. देवा, म्हटलं मनातल्या मनात, मी काय करू? मला काहीच येत नाही. मला हा खेळसुद्धा नीट येत नाही...

आणि मी डोळे उघडून पत्त्यांकडे बघितलं, दुपारच्या त्या बावळट विद्यार्थिनीसारखं. बदाम शोधले. होते, दोन-तीन होते. जीभ टाळ्यापासून ओढून काढली. तोंडात रक्ताची चव आली.

"पास," मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या आवाजात.

"अगं..." काकू ओरडल्या. "उलटी बोली होती ती! पास काय करतेस?"

काका गडबडीने म्हणाले, "पास म्हणजे पास! माझाही पास. गाडी सुटली. तू उतारी कर, लवकर!" तिथल्या एवढ्या दिवसांत ते बायकोवर खरोखर ओरडलेले मी तेवढेच ऐकले. काकूंनी पहिलं पान टाकलं.

मग माझे पत्ते उघडायचे होते. डाव वन्संचा झाला होता आणि डमी मी. पण बोटं सुटेनात. दुसऱ्या बाजूने कुणीतरी तेच पत्ते छातीशी धरून ठेवले होते. मी डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उचकटलं आणि पत्ते हिरव्या कापडावर उताणे पसरले.

ते मघाचे नव्हते. दुऱ्या नव्हत्या, तिऱ्या नव्हत्या. किलवरचा एक्का, चौकटचे राजा-राणी, बदामाचा एक्का... जोरदार, भरलेला हात. इस्पिक मोजकेच. त्या दिवशी छातीशी धरलेला, कुणीच न पाहिलेला.

वन्सं त्या पत्त्यांवर वाकल्या. "हे होतं होय तुझ्याकडे..." त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रडका होता, पण श्वास पुरता घेतलेला होता. "एवढं सगळं होतं..."

मग त्या खेळल्या. भलत्याच रंगात, हातात नावाला दोन बदाम घेऊन. त्या पान सांगत, "चौकटचा राजा," आणि माझा हात ते पुढे सरकवे. मी सरकवत नव्हते. पण तो आता गप्प होता, सांगितलं तेवढं करत होता. बहुतेक हात हरत वन्सं पुढे गेल्या. शेवटचं पान म्हणून त्यांनी इस्पिकची नव्वी टाकली, तीही काकूंनी हुकमाने मारली. त्याबरोबर दिवा लागला. वास गेला होता.

"असा रद्दी डाव मी जन्मात खेळले नाही," वन्सं म्हणाल्या. ओठ लाल होते. "भोळे, सूप आहे का? भूक लागलीय."

सिस्टरने नाडी बघितली, दोनदा बघितली, आणि सुपासाठी वाटी आणायला गेली.

पुढचं तुला माहीतच आहे. पानगळ सुरू झाली तेव्हा वन्सं काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी, या दारातून आत आल्या. मी पास म्हटलं ते नाही म्हणणं झालं का, हे मी देवाला पुष्कळदा विचारलं. तो रागावलेला दिसत नाही. घर चाललंय, लेकीला बाळ होतंय. देव चांगलाच असतो गं, फक्त आपण सावध असावं.

आता हे नीट ऐक. काकूंनी निघताना ती गड्डी वन्संना दिली. "तुमच्याकडेच ठेवा," म्हणाल्या, "आम्हाला ती नीट लागत नाही." मी घरी उघडून बघितलं तेव्हा समजलं. कितीही पिसून ठेवा, भिडूबाईंचे तेरा पत्ते उताणेच राहतात. बाकीचे पालथे. ती गड्डी वन्संच्या पलंगाशेजारच्या खणात आहे. त्या तिला हात लावत नाहीत. मी मात्र रोज बघते, आणि इतकी वर्षं सगळं जागच्या जागी होतं. मला वाटायचं, चला, ती शांत झाली.

गेल्या आठवड्यात खण उघडला, तर किलवरचा एक्का पालथा पडला होता. आणि त्याच्या जागी दुसराच एक पत्ता उताणा झालेला. इस्पिकची नव्वी, वन्संच्या हातातलं ते शेवटचं पान.

त्याच संध्याकाळी वन्संना धाप लागली. मी एक्का उताणा केला, नव्वी पालथी केली, आणि धाप ओसरली. परवा पुन्हा तसंच. काल नव्वीच्या शेजारी इस्पिकचं आणखी एक पान उघडं पडलं होतं.

म्हणून सांगते, सूनबाई. मी नसेन तेव्हा संध्याकाळी दिवा लावलास की आधी खण उघड; त्या तेरा पत्त्यांची यादी आतच ठेवलीय. भिडूबाईंचे पालथे पडले असतील ते उताणे कर आणि वन्संचे उघडे दिसले तर झाक. पाठीमागे टकटक झाली तर वळून बघू नकोस, हातातलं काम थांबवू नकोस. मी करते तसंच कर. एक दिवसही चुकवू नकोस... करशील ना?